क्लायमॅक्स सुटला तरी चालेल, गाडी सुटू नये

डोकं फिरवणारा सिनेमा पाहायला जायचं तुम्ही ठरवलंच असेल, तर आधी डेपोत जाऊन शेवटची मुक्कामी गाडी किती वाजता सुटते ते विचारून या. नट कोण, दिग्दर्शक कोण, या चौकशा मागाहून करता येतील. सिनेमाबद्दल तुमचं मत काय होणार, हे त्या गाडीवर ठरतं.

आमच्या तालुक्याच्या टॉकीजमध्ये संध्याकाळचा खेळ सहाला लागतो, म्हणजे बोर्डावर. पडदा उजळतो साडेसहाला. मध्यंतर पंचवीस मिनिटांचं, कारण आलूबोंड्यांचा दुसरा घाणा निघाल्याशिवाय बेल वाजवायची नाही असा तिथला रिवाज आहे. सिनेमा संपतो सव्वानवाला. गाडी सुटते नवाला, आणि टॉकीजपासून स्टँड दहा मिनिटं पायी. आता या जातीच्या सिनेमांत जे काही व्हायचं असतं, ते नेमकं शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत होतं. तोवर नुसते पडदे हलतात आणि नायिका जिना उतरते.

दिवाळीनंतर कापसाचे चुकारे हातात आले तेव्हा आमच्या गावातली चाळीसेक माणसं असाच एक सिनेमा पाहून आली. नाव सांगत नाही, अजून भांडणं मिटलेली नाहीत. गोष्ट अशी, की एका बंगल्यात एकेक माणूस मरतं, नायक पोलिसांना मदत करतो आणि खानसामा फार वाईट नजरेनं कांदा चिरतो. पावणेनवाच्या सुमारास खानसाम्याला बेड्या पडतात. इथे एसटीवाले उठले, चपला शोधल्या, समाधानानं घरी आले. मोटरसायकलवाले बसून राहिले आणि त्यांना कळलं, की खुनी खुद्द नायकच आहे, आणि ही गोष्ट त्या बिचाऱ्याला स्वतःलाच माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर :

"खानसाम्यानंच मारले बाप्पा. म्या माह्या डोयानं पाह्यलं, बेड्या ठोकल्या त्याले."

"मंग काढल्या ना त्या! तू कुठी होता?"

"होतो ना... बाथरूमले गेलो असन."

"पंचवीस मिन्टं?"

तुम्ही या माणसाच्या जागी असाल तर एवढं लक्षात ठेवा, गाडीसाठी उठलो हे कबूल करायचं नाही. "शेवट जरा ओढून ताणून होता," असं म्हणायचं. न पाहिलेल्या शेवटाबद्दल याहून सुरक्षित वाक्य मराठीत नाही. पाहिलेल्यांपैकी निम्मेही तेच म्हणत असतात, त्यामुळे तुम्ही आपोआप जाणकारांत जमा होता.

यात बायकांचं वेगळंच झालं. २०२३ पासून त्यांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे गावातल्या झाडून साऱ्या बाया खानसाम्याच्या विरोधात. पंचाहत्तरीपुढचे म्हातारे तर त्याच्या आदल्या वर्षापासूनच फुकट फिरतात, तेही त्याच पार्टीत. नवरे मात्र कुणाच्या तरी मागे मोटरसायकलवर बसून गेलेले. एका घरात मी स्वतः ऐकलं, "तुमचं नेहमीचंच हाय. सरळ गोष्टीत भलतंच शोधता." नवऱ्यानं नायकाचे दोन चेहरे, आरसा, लहानपणीची विहीर असं सगळं समजावून सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "मंग त्या खानसाम्याले उगाच मारलं काय पोलिसांनी?" नवऱ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर दिग्दर्शकाकडेही नव्हतं. बेड्या काढल्यावर तो खानसामा पुन्हा दिसतच नाही.

पण नुसतं पार्टी निवडून भागत नाही. मान हवा असेल तर "मले तर आधीच समजलं होतं" हे वाक्य यायला हवं, आणि ते टॉकीजच्या फाटकातच म्हणायला हवं. घरी पोचेपर्यंत थांबलात तर चार जण तुमच्या आधी समजलेले निघतात. सोबत पुरावा जोडा, पण लहानसा. "त्यानं चहा घेतला तेव्हा बशीत नाही ओतला," एवढं पुरतं. मोठा पुरावा दिला तर लोक विचारतात, समजलं होतं तर बाजूच्याच्या मांडीत नखं कशाला रोवली होती.

हे वाक्य खऱ्या अर्थानं म्हणण्याचा हक्क फार थोड्या लोकांना मिळाला आहे. १९६४ साली राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ आला, आणि १९६६ मध्ये त्याच गोष्टीवर हिंदीत ‘मेरा साया’. मराठी पाहून हिंदीला गेलेला प्रेक्षक त्या दोन-अडीच तासांत किती सुखात बसला असेल विचार करा. शेजारचे घाम पुसतायत आणि हा निवांत दाणे खातोय. (रहस्य काय होतं ते मी लिहिणार नाही. साठ वर्षं झाली म्हणून काय झालं, गावात कुणाचा तरी बघायचा राहिला असेल.) उलट ‘गुप्त’चं पाहा. १९९७ चा सिनेमा, आणि त्यातल्या नायिकेला, काजोलला, फिल्मफेअरनं खलनायकी भूमिकेचं पारितोषिक दिलं. ते मिळवणारी ती पहिलीच बाई. कौतुक वाजवीच होतं, पण ज्यांचा सिनेमा बघायचा राहिला होता त्यांनी पेपर उघडला आणि पैसे वाचले.

रहस्य फोडायचं असेल तर फिल्मफेअरसारखं उघड्यावर करू नका. पुण्याहून दिवाळीला आलेल्या पोट्ट्याकडून शिका. तो म्हणतो, "काका, मी काहीच सांगत नाही. फक्त आरशाकडे लक्ष ठेवा." झालं. काका पूर्ण सिनेमाभर आरशाकडे बघतात, समोर तीन मुडदे पडले तरी यांचं लक्ष आरशात, आणि शेवटी चिडून म्हणतात की आरसा साधाच होता. वर पोट्ट्याचं नाव निर्मळ, कारण त्यानं काहीच सांगितलं नव्हतं.

लंडनमध्ये ॲगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ हे नाटक १९५२ पासून सुरू आहे, कोरोनात पडलेला खंड सोडला तर. प्रयोग संपला की प्रेक्षकांना विनंती करतात, खुनी कोण ते बाहेर सांगू नका. आणि लोक म्हणे ऐकतात. हा प्रयोग आमच्या पानठेल्यावर करून दाखवा. एक खर्रा घोटून होईस्तोवर खुनी गावभर झालेला असतो, आणि तेही दोन.

हिचकॉकनं १९६० मध्ये ‘सायको’ काढला तेव्हा अमेरिकेतल्या थिएटरांना ताकीद दिली होती की खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही. तोवर तिथले लोकही मध्येच येऊन बसायचे आणि पुढच्या खेळाला आपण आलो तिथवर पाहून उठायचे. माणूस हुशार, पण त्यानं फक्त आत येणाऱ्यांचा बंदोबस्त केला. बाहेर जाणाऱ्यांचं काय करायचं हे त्याला सुचलं नाही, कारण त्याच्याकडे मुक्कामी गाडी नव्हती.

ही अक्कल पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांना केव्हाची आहे. वडशाच्या कंपन्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या खेड्यांत जेवणं आटोपल्यावर नाटक उभं करतात आणि ते पहाटेपर्यंत नेतात. मधे लावणी होते, विनोदी पात्र येऊन जातं, थंडीत शेकोटीवर हात शेकून होतात. रहस्य कितीही ताणलं तरी प्रेक्षक उठून जाणार कुठे? पहिली गाडी उजाडल्यावरच. तिथे खुनी कोण यावर भांडण झाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. साऱ्या गावानं त्याला एकाच वेळी, पेंगत का होईना, पाहिलेलं असतं.

राहिला तो सिनेमातला ‘मानसशास्त्रीय’ भाग. पाहून आल्यावर आठवडाभर तुम्ही मनाचे डॉक्टर असता, त्याचा फायदा घ्या. एका देहात दोन माणसं दिसली की बिनधास्त स्किझोफ्रेनिया म्हणा. दुभंग व्यक्तिमत्त्व हा वेगळा आजार आणि स्किझोफ्रेनिया वेगळा, पण सिनेमा लिहिणाऱ्यांनीच तो घोळ केला असल्यावर तुम्ही कशाला लाजता? सरपंच सकाळी एक बोलतात, संध्याकाळी दुसरं, त्यांना लावून टाका. सासूला लावू नका, घरात राहायचं आहे. आणि सोयाबीन पाण्यात गेल्यापासून जो शेजारी धुऱ्यावर एकटा बसून असतो, कुणाशी बोलत नाही, त्याच्याकडे पाहायचं कारण नाही. त्याच्यामागे संगीत वाजत नाही. टेली-मानस या मनाच्या दुखण्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो. तो पाठ असलेला माणूस मला अजून पानठेल्यावर भेटला नाही. नायकाच्या आईचं विहिरीतलं रहस्य मात्र सगळ्यांना तोंडपाठ, एसटीवाल्यांनासुद्धा, ऐकीव.

शेवटी हे भांडण ग्रामपंचायतीत गेलं. तिथे दोन्ही पार्ट्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं आणि डेपोत अर्ज गेला : विषय, मुक्कामी गाडी अर्धा तास उशिरा सोडणेबाबत. कारण काय लिहायचं यावर बराच खल झाला. ‘खुनी कळत नाही’ असं सरकारी कागदावर बरं दिसलं नसतं, म्हणून ‘विद्यार्थी व रुग्ण यांची गैरसोय’ असं लिहिलं. अर्जाचा मसुदा मीच केला, त्यामुळे या लेखातला सल्ला फुकट असला तरी अनुभवाचा आहे.

अर्ज मंजूर व्हायला तीन आठवडे लागले. गाडी साडेनवाची झाली. तोवर टॉकीजमध्ये तो सिनेमा उतरून एक कौटुंबिक लागला होता, सासू-सुनांचा, पावणेनवालाच संपणारा. आता वीस-पंचवीस माणसं रोज रात्री थंडीत स्टँडच्या बाकड्यांवर अर्ध्या तासावर गाडीची वाट बघत बसतात. कंडक्टरनं परवा विचारलं, "काहून बे, खानसाम्याचं पुढं काय झालं मंग?"