एम्बुनाची टाकी दाट का भरावी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या एम्बुना सिक्लिडची (सिक्लिड हे माशांचं एक कुळ, एम्बुना त्यातला एक गट) टाकी थोडी दाटच भरावी, म्हणजे तीत मासे जास्त ठेवावेत, असं मी लिहिलं होतं. हा माशांचा छळ आहे, असं तुमचं म्हणणं. आधीच भांडखोर असलेल्या माशांची गर्दी करण्यापेक्षा चार फुटी टाकीत पाचच मासे ठेवावेत आणि त्यांना ऐसपैस जागा द्यावी, असं तुम्ही सुचवता. तुमचा राग माशांच्या काळजीपोटी आहे, म्हणूनच सविस्तर लिहिते.

एम्बुना खडकांत राहतो. खडकावरचं शेवाळ आणि त्यातले बारीक जीव हे त्याचं खाणं. नर एखादी कपार धरतो आणि तिच्या आसपास दुसऱ्या नराला फिरकू देत नाही. सरोवरात हरलेला नर पळून जातो, हद्दीबाहेर पडला की पाठलागही संपतो. चार फुटी टाकीला ही 'बाहेर'ची जागाच नाही. १२० सेंटिमीटर लांबीची सगळी टाकी एकच दांडगा नर स्वतःची मानू शकतो. मग ती ऐसपैस जागा पाचांची राहत नाही, एकाची होते, आणि उरलेले चौघे त्याच्या लेखी घुसखोर ठरतात. त्यांतल्या सर्वांत दुबळ्याच्या मागे तो दिवसभर लागतो. त्या माशाला धड खाता येत नाही, क्षणभर थांबता येत नाही. अंगावर मोठी जखम दिसण्याआधीच तो ताणानं खचलेला असतो.

दाट टाकीत मारामारी थांबते, असा माझा दावा नाही. पाठलाग सुरू झाला की मध्ये तिसरा येतो, चौथा येतो, मारणाऱ्याचं लक्ष फुटतं. सगळी टाकी एकट्यानं राखणं त्याला झेपत नाही. टाकीत भांडण होतंय का, यापेक्षा रोज मार खाणारा मासा एकच आहे का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

डेमासोनी या एम्बुनाचं उदाहरण बघा. नर-मादी दोघांवर सारखेच निळे-काळे पट्टे, आणि वैर मुख्यतः स्वतःसारख्या दिसणाऱ्यांशी. म्हणून जाणकार एकतर एकच ठेवतात, नाहीतर डझनभर किंवा त्याहून जास्त. चार-पाच ही त्यांच्यासाठी सगळ्यांत वाईट संख्या. ऑराटस या दुसऱ्या एम्बुनाचं वेगळं. पिल्लं आणि माद्या पिवळ्याधमक, पट्टेदार, बघताक्षणी आवडणाऱ्या. नर वयात आला की काळपट होतो आणि टाकीत दहशत माजवतो. त्याला गर्दीचा उपायही पुरत नाही. नवख्या माणसानं तो घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शांत एम्बुना हवा असेल तर लिंबासारखा पिवळा लॅब घ्या, पण त्याच्याबरोबर केन्यी हा एम्बुना नको. केन्यीचा नरही पिवळाच असतो आणि सारख्या रंगावर हल्ला ठरलेला. नर-मादी ओळखता येत असतील तर एका नरामागे निदान तीन माद्या हव्यात, नाहीतर एकाच मादीचे हाल होतात.

पाण्याबद्दलची तुमची शंका मात्र अगदी रास्त आहे. दाट टाकी ही आळशी माणसाची टाकी नव्हे. फिल्टर दमदार हवा, अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या घाणीतून पाण्यात साचणारी विषारी द्रव्यं) शून्य हवेत, आणि दर आठवड्याला तीस ते पन्नास टक्के पाणी बदलायलाच हवं. एवढं जमणार नसेल तर एम्बुना ठेवू नयेत.

हा सल्ला सगळ्या सिक्लिडना लावू नका, हेही सांगते. मध्य अमेरिकेतल्या कॉन्व्हिक्ट या सिक्लिडची जोडी जमली की नर-मादी मिळून अंडी आणि पिल्लं राखतात, जवळ येईल त्याला फोडून काढतात. तिथं गर्दी केली तर तुम्ही म्हणता तसा तो छळच होईल. अशा जोडीला स्वतंत्र टाकी हवी.

आता एक तातडीची गोष्ट. तुम्ही लिहिलंय की तुमचे चार मासे निवांत फिरतात, पाचवा 'लाजाळू' आहे, कायम हीटरच्या मागे वरच्या कोपऱ्यात असतो. एम्बुना लाजाळू नसतो हो. फिन्स (पर) मिटून वरच्या कोपऱ्यात उभा राहिलेला एम्बुना बहुतेक मार खातोय, असं समजा. त्याला आजच वेगळ्या टाकीत काढा, त्याच तापमानाच्या स्वच्छ पाण्यात. मात्र एवढ्यावर थांबू नका, कारण तो गेला की उरलेल्या चौघांतला सर्वांत दुबळा त्याच्या जागी येईल. तो मासा सावरला, खाऊ लागला की मोठ्या टाकीतले सगळे दगड उचलून नव्यानं रचा, म्हणजे जुन्या हद्दी मोडतील. फिल्टरची ताकद बघून नवे मासे एकेक न आणता एकदमच आणा, काही दिवस वेगळे ठेवून रोग नाही याची खात्री करा आणि या माशाला त्यांच्याबरोबरच सोडा.