अरुंद रस्त्यांची बाजू

रस्ता रुंदीकरणासाठी जुने वड आणि चिंचा तोडाव्यात की नाही, हा महाराष्ट्रातला वाद दरवेळी ‘झाडे हवीत की विकास’ या एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतो. इंग्लंडच्या नैऋत्येला, डेव्हन परगण्यात राहून मी हा वाद वाचते, तेव्हा त्यात एक महत्त्वाचा भेद हरवल्याचे मला प्रकर्षाने जाणवते. जिल्ह्याजिल्ह्यांना जोडणारा महामार्ग आणि दोन गावांमधला चार-पाच किलोमीटरचा रस्ता यांची कामे वेगळी आहेत, आणि म्हणून त्यांना लावायची फूटपट्टीही वेगळी असायला हवी.

डेव्हनमध्ये मुख्य रस्ता सोडून गावाकडे वळले की काही मिनिटांत जग बदलते. रस्ता जेमतेम एका मोटारीपुरता उरतो, दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच मातीचे बांध आणि त्यांवर हेझल, काटेरी हॉथॉर्न आणि ओकची दाट झाडी असते. काही ठिकाणी शतकानुशतकांच्या रहदारीने आणि पावसाच्या पाण्याने रस्ता शेतांच्या पातळीच्या बराच खाली गेला आहे आणि वरच्या फांद्या एकमेकींत गुंतल्या आहेत. वसंतात बांधांवर पिवळसर प्रिमरोझ आणि निळी ब्लूबेल फुलतात. डांबराच्या मधोमध गवताची रेघ असते. यातले अनेक बांध मध्ययुगीन आहेत, आणि ते आजही शेताची हद्द राखतात, जनावरे अडवतात आणि पक्ष्यांना घरटी देतात. मला या रस्त्यांवरून जाताना जो आनंद होतो, तो केवळ डोळ्यांना सुखावणाऱ्या हिरवाईचा नाही. माणसाचा वापर आणि निसर्ग इतका काळ एकत्र नांदू शकतात, याचा तो दिलासा आहे.

हे सौंदर्य आपोआप टिकलेले नाही. १९९७ च्या नियमांनुसार शेताचे जिवंत कुंपण उपटण्यापूर्वी जमीनमालकाला सहसा स्थानिक प्राधिकरणाला कळवावे लागते, आणि ते ३० वर्षांहून जुने असून ठरलेल्या निकषांना उतरले, तर ते राखण्याचा आदेश निघू शकतो. २००० च्या वाहतूक कायद्याने एखादा ग्रामीण रस्ता ‘क्वाएट लेन’ म्हणून घोषित करण्याचा अधिकार स्थानिक प्राधिकरणांना दिला. अशा रस्त्यावर पादचारी, सायकलस्वार आणि घोडेस्वार यांचाही वावर मोटारीइतकाच गृहीत धरला जातो. शिवाय ठरावीक अंतरावर बाजू देण्यासाठी रुंद केलेल्या जागा असतात, आणि शक्य असेल तेव्हा चढ चढणाऱ्या वाहनाला वाट द्यावी, असे वाहतुकीचे नियमपुस्तक सांगते. समोरून ट्रॅक्टर आला, तर मोटार मागे घ्यावी लागते आणि दोघेही हात उंचावून आभार मानतात.

तरीही इथले सगळे अनुकरणीय आहे, असे मी म्हणणार नाही. शहराबाहेरच्या दुभाजक नसलेल्या रस्त्यांवर वेगळी पाटी नसेल, तर मोटारीसाठी ताशी ६० मैलांची, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटरची मर्यादा लागू होते. आंधळ्या वळणांच्या अरुंद रस्त्यालाही तीच मर्यादा असणे मला अक्षम्य वाटते. ब्रिटनमधील निम्म्याहून अधिक रस्ते-मृत्यू ग्रामीण रस्त्यांवर होतात. आणि ज्या गावात बस क्वचितच फिरकते, तिथल्या म्हाताऱ्या माणसाला रम्य वाट पुरत नाही.

गावाकडचा रस्ता कच्चाच राहावा, असे सुचवण्याचा अधिकार परदेशी राहणाऱ्या कोणालाही नाही. पावसाळ्यात बाळंतिणीला चिखलातून नेण्याचे दुःख ज्यांनी सोसले, त्यांच्यासाठी २००० साली सुरू झालेली पंतप्रधान ग्रामसडक योजना हा फार मोठा बदल होता. परंतु त्या योजनेतही डांबरी पट्ट्याची रुंदी साधारण ३.७५ मीटर आणि रहदारी कमी असेल तर ३ मीटर धरलेली आहे. म्हणजे अरुंद पण पक्का रस्ता आपल्याला परका नाही, आणि घाटातल्या एकेरी रस्त्यांवर बाजू देण्याच्या जागा ठेवण्याची पद्धतही आपल्या अभियंत्यांना ठाऊक आहे. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांची रांग लागते, हे खरे. त्यावर नीट भरलेल्या साइडपट्ट्या आणि अशा जागा हा बऱ्याच ठिकाणी पुरेसा उपाय ठरेल.

२०२० मध्ये सांगली जिल्ह्यातील भोसे गावचा, सुमारे चारशे वर्षांचा मानला जाणारा वड लोकांनी आवाज उठवल्यामुळे महामार्गाच्या कामातून वाचला. पुढे २०२२ मध्ये तो कोसळला, तरी ती चळवळ मला मोलाची वाटते. मात्र प्रत्येक झाडासाठी आंदोलन उभे राहू शकत नाही. म्हणून गावरस्त्याचे अंदाजपत्रक बनतानाच कोणती झाडे राखायची आणि बाजू देण्याच्या जागा कुठे ठेवायच्या, हे ग्रामसभेपुढे नकाशासह ठेवले जावे, आणि तेही खोडांवर तोडणीचे क्रमांक रंगवले जाण्यापूर्वी.