मायोस्टॅटिनची पावडर आणि आजोबांचे पाय

व्यायामशाळांपासून शिवाजी पार्कच्या कट्ट्यापर्यंत एक मेसेज फिरतोय: 'मायोस्टॅटिन स्नायू वाढू देत नाही. त्याचा रिसेप्टर बंद करणारी पावडर घ्या. व्यायामाशिवाय स्नायू भरतील, आजोबांचे झिजलेले पायही.'

पहिलं वाक्य खरं आहे, आणि त्याच्याच जिवावर पुढचा माल खपतो. 1997 साली मॅकफेरन आणि ली या शास्त्रज्ञांनी मायोस्टॅटिन या प्रथिनाचं जनुक निकामी केलेले उंदीर दाखवले, स्नायू दुप्पट-तिप्पट. पण तो बदल जन्माआधीपासूनचा होता, त्यात स्नायूतंतूंची संख्याच वाढली. मोठेपणी मायोस्टॅटिन अडवलं तर मुख्यतः आहेत तेच तंतू जाड होतात.

'रिसेप्टर बंद होतो.' रिसेप्टर म्हणजे संदेश पकडणारं प्रथिन. मायोस्टॅटिनचा रिसेप्टर, ॲक्टिव्हिन टाइप टू-बी, स्नायूपेशीच्या बाहेरच्या पडद्यावर असतो. पावडरीत फॉलिस्टॅटिन हे प्रथिन असल्याचं सांगतात. ते रिसेप्टरला हातही लावत नाही, मायोस्टॅटिनलाच वाटेत पकडतं. आणि तेही रक्तात असेल तर! तोंडाने घेतलं की उकडलेल्या अंड्यासारखं पचून जातं.

'व्यायामाशिवाय.' रिसेप्टर खरोखर अडवणारी अँटिबॉडी आहे, बिमाग्रुमॅब. ती शिरेतून देतात. इन्क्लुजन बॉडी मायोसायटिस या स्नायू झिजवणाऱ्या आजाराच्या रुग्णांत तिने स्नायूंचं वजन वाढवलं, पण 6 मिनिटांत चाललेलं अंतर प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या खोट्या डोसपेक्षा) वाढलं नाही. एसीई-031 हे दुसरं औषध म्हणजे या रिसेप्टरची नक्कल, मायोस्टॅटिन पकडणारा सापळा. ड्युशेन या स्नायू झिजवणाऱ्या जनुकीय आजाराच्या मुलांत नाक-हिरड्यांतून रक्त येऊ लागलं आणि 2011 मध्ये चाचणी थांबवली. सापळ्यात रक्तवाहिन्यांना लागणारे संदेशही अडकत होते.

डब्यावर 'सार्म' लिहिलं असेल तर तो रिसेप्टरच वेगळा, अँड्रोजनचा म्हणजे पुरुषी संप्रेरकांचा. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, खेळाडूंना बंदी.

आता आजोबा. झीज एकाच दारातून येत नाही. दम्या-संधिवातासाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दीर्घकाळ चालू असेल तर ते पेशीच्या आतल्या ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरला जोडून केंद्रकात शिरतं. त्यामुळे ॲट्रोजिन-1 आणि मर्फ-1 ही एन्झाइम्स वाढतात, ती स्नायूतल्या प्रथिनांवर 'मोडीत काढा' असा शिक्का मारतात. पहिला मार मांड्यांवर: कमोडवरून उठताना भिंत धरावी लागते. गोळी मात्र मनाने बंद करू नका. मधुमेहात इन्शुलिनचा संदेश क्षीण होतो. अंथरुणाला खिळलं की स्नायूवरचा भारच जातो. मायोस्टॅटिन अडवून यातलं कुठलं दार बंद झालं?

घरी तपासा. हात छातीशी बांधून खुर्चीतून 5 वेळा उठा-बसा. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर 2019 च्या आशियाई निकषांनुसार सार्कोपेनियाची, म्हणजे वयाबरोबर स्नायू आणि ताकद घटण्याची, शंका धरतात. मग हीच उठबस 8-10 वेळा, 3 फेऱ्या, आठवड्यातून 2-3 दिवस. सोपी वाटली की छातीशी 2 किलोची पिशवी धरा. भार तोच ठेवला तर वाढ थांबते. प्रथिनं वजनाच्या किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम, म्हणजे 60 किलोला 60-72 ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. घोटाळा होतो तो सकाळी: चहा-खारीत प्रथिनं जेमतेम, सगळी भिस्त रात्रीच्या आमटीवर. दोन अंडी घातली तर न्याहारीतच 12 ग्रॅम जमतात.