शेवटच्या बाकावरची बिनहाताची बाई

पाठनिरीक्षण म्हणजे शिक्षक व्हायला शिकणाऱ्याने दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर तोंड मिटून बसायचं आणि वहीतले रकाने भरायचे. बाक तिसरीच्या मुलांच्या मापाचा होता, त्यामुळे माझे गुडघे हनुवटीला टेकले होते. असो.

तास चित्रकलेचा. बाईंनी फळ्यावर दोन डोंगर, मधोमध सूर्य आणि एक घर काढलं, "बघून काढा" म्हणाल्या आणि हजेरीपट पुढ्यात ओढला. फ्रान्झ चिझेक नावाच्या गृहस्थांनी १८९७ साली व्हिएन्नात मुलांसाठी वर्ग काढला आणि मुलांना मनातलं काढू दिलं, हे आम्ही परीक्षेसाठी घोकतो. इथे सूर्य डोंगराच्या जरा डावीकडे सरकला तरी बाई खोडायला लावत होत्या.

माझ्या शेजारी एक इसम बसला होता. वय वर्षं आठ, समोरचे दोन दात गायब. त्याने मला निवांत न्याहाळलं.

"तुम्ही खऱ्या टीचर की शिकाऊ?"

"शिकाऊ."

"नापास झालात तर परत इथेच बसणार?"

मी वहीत डोकं घातलं. त्याने वहीतलंही मान वाकडी करून वाचलं.

"आम्ही बोलतो ते सगळं लिहिता?"

"हो."

"मग लिहा, ह्याने माझं खोडरबर ढापलंय. सोमवारपासून."

मला मध्ये पडता येत नाही, मी फक्त बघायला आलेय, असं मी कुजबुजले.

"म्हणजे बघणार, पण करणार काहीच नाही?"

"नाही."

त्याने ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं, तशी कीव माझी घरच्यांनीही कधी केली नाही. मग फळ्यावरचे डोंगर सोडून तो मलाच काढायला बसला. कागदाच्या तळाला आडवी रेघ, तिच्यावर बाक, बाकाच्या फळीतून आरपार दिसणारे माझे गुडघे. पर्समधला डबाही दिसत होता, शिवाय मी आणलीच नव्हती अशी एक छत्री. डोकं भोपळ्याएवढं, त्यावर चष्मा. हात नाहीत.

"हात कुठेत माझे?"

"तुम्ही कुठे काय करता?"

आता गंमत अशी, की पोरगं शास्त्रशुद्ध होतं. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञांनी १९४७ साली मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले. त्यात साधारण सात ते नऊ वर्षांची मुलं नेमकं हेच करतात: खाली आधाररेषा, भिंतीआडचं आरपार दिसणारं, महत्त्वाचं वाटेल ते मोठं आणि बिनमहत्त्वाचं ते गाळलेलं. 'उत्तम उदाहरण' असं मी वहीत लिहिलं. बिनमहत्त्वाच्या यादीत स्वतःचेच हात लिहून घेताना अक्षर जरा बिघडलं, एवढंच.

तेवढ्यात बाई फिरत फिरत आल्या. "बाकातून पाय दिसतात का कधी?" म्हणून गुडघे खोडले. "आणि माणसाला हात असतात की नाही?" म्हणत स्वतःच दोन रेघा मारून मला हात बहाल केले. पोराने माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलणार? निरीक्षकाने पाठात ढवळाढवळ करायची नसते.

हात मिळाले तसं कामही लगेच मिळालं. "तुम्ही रिकाम्याच आहात ना? ह्या पेन्सिलींना टोकं करा, आणि रंगांसाठी पाणी आणा." म्हणजे गप्प बसायचा नियम फक्त जिभेला. वर्षभर मान मोडून मुलाच्या अभिव्यक्तीवर टिपणं काढायची, ती गिरमिटात पेन्सिली फिरवायला.

पाणी घेऊन आले तर दारात गणिताचे सर. "पोर्शन राहिलाय हो. चित्रकलाच आहे ना?" बाई म्हणाल्या, "घ्या की." कागद वाटून, पाणी आणून मुलांचे ब्रश आत्ता कुठे ओले होत होते. गणिताच्या तासाला जाऊन 'पोरांचं आकाश रंगवायचं राहिलंय, द्या तास' असं म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. म्हणून बघावं कुणी, मी त्याची सही घ्यायला येईन. शेजाऱ्याने चित्र दप्तरात कोंबलं. ओला जांभळा रंग माझ्या बाहीला पुसला गेला, तो अजून निघालेला नाही.

जाताना बाई हळूच म्हणाल्या, "वहीत पूर्ण तास लिहा हं." न लिहून करते काय, खाली सही त्यांचीच लागते. 'फलकलेखन' हा रकाना भरायचा राहिला होता. मी फळ्याकडे पाहिलं. डोंगर, सूर्य, घर सगळं पुसून तिथे अपूर्णांकांची बेरीज मांडली होती. मी लिहिलं, 'सुबक व मुद्देसूद.'