खुलासा : २१ दिवसांत मन घडवून मॅरेथॉन?

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी धावणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘मॅरेथॉन ९० टक्के मनाचा खेळ. २१ दिवस स्वतःशी सकारात्मक बोला, सराव निम्मा करा.’ निम्माच सराव केलात तर तिसाव्या किलोमीटरला मन नाही, मांड्या बोलतील.

मेसेज अगदीच हवेतला नाही. २०१४ च्या एका प्रयोगात २४ जण होते. त्यातल्या ज्यांनी दोन आठवडे स्वतःशी बोलण्याची सवय केली, ते सायकलवर थकेपर्यंत सुमारे १८ टक्के जास्त वेळ टिकले. पण ती चाचणी होती दहा-बारा मिनिटांची! शिवाय नुसतं घोकणं नव्हतं. सुरुवातीला कोणतं वाक्य, शेवटी दम लागल्यावर कोणतं, हे ज्याचं त्याने निवडलं होतं. सराव कमी करा, हे मेसेजवाल्याच्या पदरचं.

आपली सावरपाड्याची धावपटू कविता राऊत घ्या. नाशकात प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्याकडे वर्षानुवर्षं घाम गाळला, तेव्हा कुठे २०१० मध्ये १०,००० मीटरला राष्ट्रकुलचं कांस्य आणि आशियाई स्पर्धेचं रौप्य आलं.

स्वतःशी बोलाच, पण रविवारच्या लांब पल्ल्यात, पाय जड झाल्यावर. सोफ्यावर नको.