घड्याळ मागं पडलं की वेळ?

गुरुजी, रामराम. वेगात जाणाऱ्याचा काळ संथ चालतो, या आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतावर मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया चांगलीच झोंबली. तुमचं म्हणणं असं, की तुमचं चावीचं घड्याळ थंडीत मागं पडतं म्हणून काही वेळ मागं पडत नाही. वेगात जाणारं घड्याळही तसंच बिघडत असेल, त्यात काळाचा काय संबंध? शिवाय मी ‘काळ हा भ्रम आहे’ असं लिहिलं म्हणून तुम्ही कान धरलात. ते वाक्य मागं घेतो, लिहिण्याच्या भरात सुटलं. आइन्स्टाइनच्या त्या 1905 च्या सिद्धांतानं काळ खोटा ठरवला नाही. साऱ्या विश्वाला मिळून एकच घड्याळ, ही न्यूटनच्या वेळची समजूत तेवढी मोडली.

घड्याळाचं मात्र पटत नाही. म्यूऑन नावाचा कण घ्या. साधारण 15 किलोमीटर उंचीवर जन्मतो, सरासरी 2.2 मायक्रोसेकंद जगतो. तेवढ्यात प्रकाशसुद्धा 660 मीटरच जाईल. तरी वसमतला तुमच्या ओसरीवर ते रात्रंदिवस पडताहेत. त्यात ना स्प्रिंग ना काटा, बिघडणार काय? आपल्या हिशेबानं त्याचं आयुष्य लांबतं, त्याच्या हिशेबानं 15 किलोमीटरचं अंतरच आखडतं. काळाला हात लावला की अंतर हलतं.  

तुमच्यासारखी शंका अभियंत्यांनाही होती. 1977 साली जीपीएसच्या तयारीतला एनटीएस-2 उपग्रह सोडला, तेव्हा सापेक्षतेची दुरुस्ती करायची सोय त्यात ठेवली, पण बंद! वीसेक दिवस नुसतं बघत बसले. वेगामुळं घड्याळ मागं पडायचं, उंचावर गुरुत्व कमी म्हणून त्याहून जास्त पुढं जायचं. गोळाबेरीज रोज 38 मायक्रोसेकंद पुढं, गणितात होती जवळपास तेवढीच. मग दुरुस्ती चालू केली. जीपीएस जागा ठरवतं ती उपग्रहाचा संदेश पोचायला लागलेल्या वेळेवरून, आणि 38 मायक्रोसेकंदांत प्रकाश 11 किलोमीटर जातो.

गेल्या महिन्यात आमच्या बांधाची मोजणी झाली. मोजणीवाल्यानं काळ्या रानात रोव्हरची, म्हणजे उपग्रहांवरून जागा मोजणाऱ्या यंत्राची, काठी उभी केली, बुडबुडा मधोमध आणला आणि उपग्रह मिळायची वाट बघत थांबला. चुलते म्हणाले, “साखळी कुठंय?” बांध दीड फूट आमच्याच बाजूनं पलीकडं सरकलेला निघाला. चुलते अजून उपग्रहावर रुसलेत.