नगरपालिकेचा पगारी बाख

पुण्यातलं बालगंधर्व रंगमंदिर पाडून नवं बांधायचं की आहे तेच दुरुस्त करायचं, हा वाद अधूनमधून पेटतो आणि विझतो. जोडीला पुरस्कारांच्या रकमा, ज्येष्ठ कलावंतांचं मानधन आणि ‘राजाश्रय की लोकाश्रय’ हे जुनं त्रांगडं असतंच. जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये बसून हे वाचताना एक गोष्ट खटकते. इमारतीवर बोललं जातं, सत्कारावर बोललं जातं, नेमणुकीवर मात्र फारसं कुणी बोलत नाही. आठवडाभर पोरांना शिकवणारा, ठरल्या दिवशी ठरल्या वेळी गाणं उभं करणारा, आणि गेला तर ज्याची जागा भरावीच लागते, असा माणूस गावाच्या पगारपत्रकावर असावा की नसावा?

जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख आपल्याला चर्चचा माणूस म्हणून ठाऊक असतो. ते खरंही आहे. १७०३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तो आर्नश्टाट गावी ऑर्गनवादक म्हणून लागला (हा ऑर्गन म्हणजे आपली पायपेटी नव्हे, चर्चमधलं नळ्यांचं मोठं वाद्य). पुढे म्युलहाउझेन आणि वायमारला ऑर्गनवरच बसला. पण १७२३ ते १७५० या लाइपझिगच्या वर्षांत त्याला नेमणारी आणि जाब विचारणारी होती नगरपरिषद. सेंट थॉमस शाळा परिषदेची, आणि तिचा कांटोर, म्हणजे शाळेचा संगीतशिक्षक आणि गावच्या चर्चसंगीताचा प्रमुख, हा परिषदेचा नोकर. बाख पहिली पसंतीही नव्हता. टेलेमान या संगीतकारानं नकार दिला, ग्राउपनर या दुसऱ्याला त्याच्या दरबारानं सोडलं नाही. तेव्हा उत्तम मिळत नाहीत तर मध्यमातलेच घ्यावे लागतील, असं एका सभासदानं बोलून दाखवलं.

५ मे १७२३ ला त्यानं १४ कलमांवर सही केली. संगीत फार लांबू नये, ऑपेरासारखं वाटू नये, ऐकणाऱ्याच्या मनात भक्ती जागावी. अंत्ययात्रेत पोरांबरोबर चालावं. महापौरांच्या परवानगीशिवाय गाव सोडू नये. शाळेत शिकवणं हाही कामाचाच भाग; लॅटिनचे तास त्यानं वर्षाला ५० थालर (तेव्हाचं चांदीचं नाणं) देऊन एका सहकाऱ्याच्या गळ्यात घातले.

चार चर्चना गायला शाळेची पोरं पुरवायची. मोठी रचना आलटूनपालटून सेंट निकोलस आणि सेंट थॉमसमध्ये, रविवारी सकाळी सातला सुरू होणाऱ्या उपासनेत. पहिली काही वर्षं बहुतेक आठवड्यांना नवी कांटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीची बहुभागी रचना. आधी मूळ प्रत, मग तिच्यावरून प्रत्येकाचा वेगळा कागद उतरवायचा. त्यासाठी विद्यार्थी, बायको, मुलगे असे सगळे कामाला. इथं एक खाचखळगा होता. चर्चचा ऑर्गन ‘कोरटोन’ला लावलेला, म्हणजे बाकीच्या वाद्यांपेक्षा एक पूर्ण स्वर चढा. म्हणून ऑर्गनवादकाचा कागद एक स्वर खाली उतरवून लिहावा लागे. वाद्यवृंदाचा कागद चुकून त्याच्यापुढे गेला, तर पहिल्याच मात्रेला सगळा बट्ट्याबोळ. बाखच्या हस्तलिखितांत हे उतरवलेले कागद आजही दिसतात. आणि हो, लाइपझिगला रविवारी ऑर्गनवर बाख बसत नसे. त्या पदावर दुसरा माणूस होता. बाख समूह चालवायचा.

पदाचं खरं स्वरूप कळतं ते २३ ऑगस्ट १७३० ला त्यानं परिषदेला दिलेल्या निवेदनात. प्रत्येक समूहात किमान १२ गायक हवेत, प्रत्येक आवाजाला तीन. चार मिळाले तर उत्तम, म्हणजे १६. कारणही दिलंय: कोणी ना कोणी आजारी पडतंच, शाळेच्या वैद्यानं औषधांच्या दुकानाला लिहिलेल्या चिठ्ठ्या बघा. वादक किमान १८ हवेत. परिषदेनं नेमलेले आठ, त्यातही एक शिकाऊ. शेवटी पोरांची नावानिशी वर्गवारी: १७ कामाचे, २० अजून तयार व्हायचे, १७ निरुपयोगी. प्रवेश देताना गळा बघत नाहीत, ही तक्रार. आपल्याकडच्या कुठल्याही संगीतशिक्षकानं मुख्याध्यापकांपुढे ठेवावा असा हा कागद आहे. फरक इतकाच की तो दप्तरात जपला गेला. (या आकड्यांवरून मूळ प्रयोगात एका आवाजाला एकच गायक होता का, यावर १९८१ पासून विद्वानांची जुंपली आहे. ती जुंपू द्या.)

पगाराचं सांगायचं तर त्याच वर्षीच्या एका पत्रात बाख मिळकत सुमारे ७०० थालर सांगतो आणि पुढे कुरकुरतो की त्यातला बराच भाग अंत्यविधीच्या दक्षिणेचा. हवा चांगली असली, माणसं मेली नाहीत, की उत्पन्न घटतं. मागल्या वर्षी शंभराहून जास्त थालर बुडाले. सुखाची नोकरी नव्हती. तो जिवंत असतानाच, जून १७४९ मध्ये, वारसदार म्हणून हारर याची चाचणी घेऊन परिषद मोकळी झाली. पुढे त्याची बायको आना माग्दालेना १७६० मध्ये गावाच्या दानावर जगत वारली. पदानं संगीत सांभाळलं. माणसाला सांभाळलं असं म्हणता येणार नाही.

पण पद राहिलं. राजे गेले, नाझी गेले, पूर्व जर्मनीचं साम्यवादी सरकारही गेलं. १२१२ पासूनचा सेंट थॉमसचा मुलांचा गायनसमूह आजही लाइपझिग शहराच्या खर्चानं चालतो. शंभराच्या आसपास मुलं, त्यांचं वसतिगृह, आणि शाळा चालू असली की शुक्रवारी संध्याकाळी सहा आणि शनिवारी दुपारी तीनला गायन. २०२१ पासून कांटोर आहे एक स्विस कॅथलिक, तोही लुथरच्या पंथाच्या या चर्चमध्ये. नियुक्ती करताना नगरपालिकेनं काम बघितलं.

काम म्हणजे नेमकं काय, तेही सांगायला हवं, नाहीतर ‘समर्पण’ वगैरे शब्दांत सगळं वाहून जातं. तापमान एक अंशानं वाढलं की ऑर्गनच्या साध्या नळ्या साधारण तीन सेंट चढतात (सेंट हे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप; एका सप्तकाचे १२०० सेंट). पत्तीच्या नळ्या, म्हणजे ज्यांत धातूची पत्ती थरथरून स्वर निघतो त्या, जवळजवळ जागच्या जागी राहतात. थंडगार चर्चमध्ये हीटर लावून हवा दहा अंश वाढवली, की दोन्हींत ३० सेंटची फारकत. कानाला पत्तीच्या नळ्या बेसुर वाटतात. सरकलेल्या असतात बाकीच्या शेकडो. पण ट्यूनर हात लावतो पत्तीच्या मूठभर नळ्यांनाच, कारण त्या थोड्या असतात आणि तार वरखाली करून पटकन जुळतात. हवा फार कोरडी झाली तर नळ्यांना हवा पुरवणाऱ्या लाकडी वायुपेटीला भेगा पडतात आणि न दाबलेला स्वर कण्हत राहतो. ३४ मीटरवर आवाज पोचायला दशांश सेकंद लागतो, म्हणून लोकांचं गाणं ऐकत ऐकत वाजवणारा ऑर्गनवादक प्रत्येक कडव्याला मंदावत जातो. त्याला स्वतःची लय धरून पुढेच राहावं लागतं. हे सगळं शिकवलं जातं. जर्मनीत चर्चसंगीतकाराच्या परीक्षांच्या श्रेणी आहेत. अर्धवेळ पदाच्या ‘सी’ श्रेणीतही ऑर्गनवादन, समूह चालवणं, गळा तयार करणं आणि ऑर्गनची रचना हे विषय येतात.

आपल्याला हे अगदी परकं नाही. गोव्यात चर्चच्या शाळेतला मेस्त पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवायचा. त्या व्यवस्थेतून आलेल्या वादकांवर मुंबईच्या हिंदी चित्रपटांचा वाद्यवृंद उभा राहिला. व्हायोलिनवादक आणि संगीत-संयोजक अँथनी गोन्साल्विस हे मजोर्ड्याच्या चर्चमधल्या अशाच एका मेस्ताचे चिरंजीव. बडोद्यात सयाजीरावांनी १८८६ मध्ये मौलाबक्षांची गायनशाळा काढली आणि दरबारी कलावंतांना एका खात्याच्या नियमांत बसवलं. उस्तादांना ते जाचक वाटलं असणार. बाखलाही वाटलंच होतं.

इथलं, जर्मनीतलं, चित्र गुलाबी नाही. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन्ही मोठ्या चर्चचे सभासद मिळून आता जर्मनीच्या निम्म्या लोकसंख्येपेक्षा कमी आहेत. चर्चकर आयकराच्या आठ-नऊ टक्के, तोही सभासदांकडूनच. सभासद घटले की गावोगावची पदं अर्धी होतात किंवा दोन गावांत वाटली जातात. लाइपझिगचा समूह टिकला तो शहराच्या तिजोरीमुळे, आणि त्यात मुलींना जागा नाही, हे शहराच्या पैशाच्या बाबतीत मला तरी पटत नाही.

मुंबई महापालिकेच्या शाळांत संगीतशिक्षक आहेत, काही शहरांत पालिकेच्या अकादमी आहेत. पाया अगदीच नाही असं नाही. नाट्यगृहाच्या कंत्राटाबरोबर एक पूर्णवेळ संगीतप्रमुख, दोन साथीदार, पालिका शाळांतली गळा बघून निवडलेली साठेक मुलं-मुली आणि आठवड्याला एक ठरलेलं विनामूल्य गायन, एवढं मंजूर करून बघावं. भजन, पोवाडा, अभंग, नाट्यपद, काय गायचं ते त्या प्रमुखानं ठरवावं. वाद्यांच्या देखभालीचं वेगळं शीर्षक अंदाजपत्रकात हवं, नाहीतर तीन वर्षांत तंबोरे भिंतीला टेकतील. निवृत्तीवेतन हवं, आना माग्दालेनाची गत नको. नियमावलीला बाखची १४ कलमं नमुना म्हणून घ्यायला हरकत नाही. गाव सोडायला महापौरांची परवानगी हे कलम तेवढं गाळावं. बाख ते पाळत नाही, अशी परिषदेची १७३० मध्ये तक्रारच होती.